सरकारी योजना आहे, मग खाजगी मेडिक्लेम घ्यायचा का? हा निर्णय कोणत्या क्रमाने करावा

बहुतेक घरांत हा निर्णय उलट्या क्रमाने होतो. आधी ओळखीतला एजंट येतो, मार्चमध्ये कर वाचवायची घाई असते, पॉलिसी निघते. घरातल्या रेशनकार्डावर कोणते उपचार मिळतात हे मात्र कळतं ते थेट आयसीयूच्या दाराबाहेर. दुसऱ्या टोकाला अशीही घरं आहेत, जिथे आयुष्मान कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय आणि ‘आपलं पाच लाखांचं काम झालंय’ म्हणून सगळे निश्चिंत आहेत. नात्यातल्या आणि शेजारच्या लोकांचे कागद लावून देताना मला या दोन्ही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. दोन्हींचं मूळ एकच आहे.

योजना आणि मेडिक्लेम ही एकाच मालाची स्वस्त आणि महाग प्रत, असं लोक धरून चालतात. सरकारी योजनेत तुमच्या हातात रुपये येत नाहीत. यादीतला उपचार, यादीतल्या रुग्णालयात, बिल न भरता मिळतो. मेडिक्लेममध्ये बिलाचे पैसे मिळतात आणि दवाखाना बऱ्यापैकी तुमच्या पसंतीचा असतो. पण दरवर्षी हप्ता, प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचा खर्च न मिळण्याची मुदत) आणि अटी मागे लागतात. त्यामुळे ‘दोन्हींत चांगलं काय’ असं विचारून उत्तर निघत नाही. आपल्या घरातल्या कोणत्या माणसाला, कोणत्या आजारात, कोणत्या दवाखान्यात योजना पोचत नाही, हे आधी शोधावं लागतं. पॉलिसी तेवढ्या जागेसाठी घ्यायची.

पायऱ्या याच क्रमाने करा. चौथी पायरी होईपर्यंत कोणाला चेक देऊ नका आणि फोनवर आलेला ओटीपी सांगू नका.

## तयारी: एक वही, एक संध्याकाळ

हे कागद एकत्र काढा: रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, पगाराची शेवटची स्लिप, कंपनीने काढलेल्या ग्रुप पॉलिसीचं पत्र, आधीची कुठली पॉलिसी असेल तर ती, आणि गेल्या चार-पाच वर्षांतली डिस्चार्ज कार्डं व चालू औषधांच्या चिठ्ठ्या. वहीत घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान द्या. वरती नाव, आधारवरची जन्मतारीख, चालू आजार आणि चालू गोळ्या.

गोळ्या लिहिताना डबा समोर घ्या. ‘आईला काही नाही, फक्त बीपीची एक गोळी’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! ती एक गोळी पुढे सहाव्या पायरीत फार मोठी होते.

## पायरी १: प्रत्येकाला आज कोणतं संरक्षण लागू आहे ते लिहा

रेशनकार्डावरची योजना. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना एकत्रित चालतात. १ जुलै २०२४ पासून पिवळ्या आणि केशरीसोबत पांढऱ्या कार्डाच्या घरांनाही त्यात घेतलं आहे. संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, माणशी नाही. ‘आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही मिळत नाही’ म्हणणारी घरं अजून पुष्कळ भेटतात. त्यांची माहिती जुनी आहे.

कार्ड असून भागत नाही, कार्डात नाव लागतं. माझ्या मावसभावाच्या बायकोचं नाव लग्नाला सहा वर्षं होऊनही माहेरच्या कार्डावर होतं आणि मुलीचं नाव कुठेच नव्हतं. त्या घरात चार माणसं होती, योजनेत दोनच बसत होती. नवी सून, लहान मूल, गावाकडून राहायला आलेले आईवडील ही तीन नावं आधी तपासा. रेशनकार्ड आणि आधार यांतलं स्पेलिंग व जन्मतारीखही जुळवून घ्या. हे काम पुरवठा कार्यालयात होतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून धडधाकट असतानाच करायचं.

७० वर्षांवरील. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर घरातल्या ज्येष्ठांना मिळून वेगळे ५ लाख मिळतात. खाजगी पॉलिसी किंवा ईएसआयसी (कामगार राज्य विमा) असली तरी हे कार्ड चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. वय आधारवरून धरतात. गावाकडे आधारवर १ जानेवारी ही ठोकळ तारीख किंवा चुकीचं साल असलेले आजी-आजोबा कमी नाहीत. ते आधी दुरुस्त करा.

ईएसआयसी. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतील, तर तुम्ही आणि तुमच्यावर अवलंबून असलेले ईएसआयसीत आहात. मालक ३.२५ टक्के भरतो. लोक याला कमी लेखतात, पण बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं देणारी सोय या सगळ्यांत हीच. ईएसआयसीच्या नोंदीत बायको, मुलं, आईवडील यांची नावं घातली आहेत का ते पाहा. अनेकांनी फक्त स्वतःचंच घातलेलं असतं. निवृत्त होताना किमान पाच वर्षांची विमापात्र नोकरी असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला ही वैद्यकीय सोय पुढेही चालू ठेवता येते. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगत असेल?

नोकरीतली ग्रुप पॉलिसी. रक्कम किती, आईवडील आहेत का, आणि नोकरी सुटली की संरक्षण कोणत्या तारखेला संपतं, एवढं लिहा.

गोव्यातल्या वाचकांनी या पानावर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख लिहावी. पुढचे प्रश्न तेच आहेत.

> इशारा: आभा कार्ड म्हणजे विमा नव्हे. तो तुमच्या आरोग्य नोंदींचा १४ अंकी क्रमांक आहे. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान कार्ड वेगळं. दोन्ही मोबाइलवर निघतात, म्हणून गोंधळ होतो.

तपासणी: प्रत्येक पानावर ‘आज रात्री भरती करावं लागलं तर कोणतं कार्ड चालेल’ याचं उत्तर एका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: योजना तुमच्या दवाखान्यात चालते का, ते जाऊन पाहा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि सगळं इथेच बिघडतं.

वहीत दोन दवाखाने लिहा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर रिक्षावाल्याला तुम्ही खरोखर जे नाव सांगाल ते पहिलं. ठरवून ऑपरेशन करायचं झालं तर जिथे जाल ते दुसरं. हे दवाखाने योजनेत सामील असावे लागतात; योजनेच्या भाषेत त्यांना ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात. संकेतस्थळावरची यादी बघाच, १५५३८८ या हेल्पलाइनवरही विचारा, पण त्यावर थांबू नका. प्रत्यक्ष जा आणि योजनेच्या टेबलावर बसलेल्या आरोग्यमित्राला हे चार प्रश्न विचारा:

1. तुमच्याकडे कोणत्या विभागांसाठी योजना चालू आहे? एखादं रुग्णालय हाडांसाठी अंगीकृत असतं, हृदयासाठी नसतं. दारावरचा बोर्ड एवढं सांगत नाही.
2. आमच्या घरातला अमुक आजार यादीत बसतो का? यादी हजाराहून अधिक उपचारांची आहे, तरी ती यादी आहे.
3. तो उपचार सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे का? काही शस्त्रक्रिया तशा राखीव आहेत आणि खाजगी दवाखान्यात योजनेतून होत नाहीत.
4. सध्या ठरवून येणाऱ्या रुग्णाला साधारण किती दिवसांनी तारीख मिळते?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर कुठेच नसतं, म्हणून प्रत्यक्ष जायचं.

सरकारी रुग्णालयही याच फेरीत बघून या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. ससून, जे. जे., नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, आणि केईएम, सायन, नायर ही मुंबई महापालिकेची. त्यांचे दर कमी असतात, पण तो विभाग वेगळा, म्हणून ही मोफत सोय तिथे गृहीत धरू नका. हा फरक ठाऊक नसला की काउंटरवर उगाच वाद होतो.

> इशारा: योजनेत ‘आधी बिल भरा, मग पैसे परत मिळतील’ असा रस्ता नाही. डिस्चार्ज झाल्यावर रेशनकार्ड काढून उपयोग होत नाही. नोंदणी भरतीच्या वेळी किंवा उपचार चालू असतानाच झाली पाहिजे. आणीबाणीत आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेऊ शकतो; कागद मागून दिले तरी चालतात, पण सांगायला हवं त्याच वेळी.

## पायरी ३: योजना कुठे थांबते ते खुणावून ठेवा

आता प्रत्येक पानावर लाल पेनाने खुणा करा. रात्रीचा दवाखाना अंगीकृत नाही, ही पहिली खूण. चालू आजाराचा उपचार यादीत नाही किंवा राखीव आहे, ही दुसरी. डेंगी, टायफॉइड, जुलाब यांसाठी चार-पाच दिवस भरती व्हावं लागतं, त्याबद्दल वेगळं विचारा. ठरावीक शस्त्रक्रियेइतकं ते योजनेत सहज बसत नाही. मुलगा बंगळुरूला किंवा मुलगी सुरतेला असेल, तर तिथे कोणतं कार्ड चालतं ही चौथी खूण. आयुष्मानचे लाभार्थी देशभर उपचार घेऊ शकतात. फक्त राज्याच्या योजनेत असणाऱ्यांना ही सोय गृहीत धरता येत नाही.

पाचवी गोष्ट दोन्ही बाजूंना सारखी आहे, म्हणून ती लाल पेनाने लिहू नका, निराळ्या पानावर लिहा: महिन्याच्या मधुमेह-बीपीच्या गोळ्या, रक्ततपासण्या, डॉक्टरची फी, चष्मा, दात. योजनेत हे बसत नाही आणि साध्या मेडिक्लेममध्येही नाही. मध्यमवर्गीय घरात वर्षाचा खरा खर्च पुष्कळदा इथेच होतो. तो विम्याने भागेल अशा आशेवर पॉलिसी घेणारा माणूस पहिल्याच वर्षी हिरमुसतो.

उत्पन्न कमी असेल तर आणखी एक ओळ. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला तयार असू द्या. मोठ्या, चकचकीत वाटणाऱ्या कित्येक रुग्णालयांना हा नियम लागू आहे, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

## पायरी ४: घ्यायचा की नाही, ते ठरवा

लाल खुणा मोजा आणि मग खालच्यांपैकी कुठे बसता ते पाहा. इथे मी माझं मत स्पष्ट सांगतो.

घेऊ नये, असं मी सांगतो ते घर: अंगीकृत रुग्णालय तासाभराच्या आत आहे, सगळ्यांची नावं कार्डात आहेत, आणि हप्ता भरायला उसने पैसे लागतील. पहिल्या वर्षी ओढाताण करून पॉलिसी घ्यायची आणि दुसऱ्या वर्षी बंद पडू द्यायची, यासारखं नुकसान नाही. हप्ता जातो आणि पुन्हा घेताना प्रतीक्षा कालावधी पहिल्यापासून सुरू होतो. त्यापेक्षा तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये बँकेतून कापले जाऊ द्या. त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. दवाखान्याचं बिल त्यातून भागत नाही, एवढं लक्षात असू द्या.

घ्यावाच ते घर: पगार २१,००० च्या वर गेल्याने ईएसआयसी सुटलंय किंवा सुटणार आहे, दुकान, रिक्षा, छोटा वर्कशॉप, शिकवण्या असं स्वतःचं काम आहे, घरावर कर्ज आहे, आणि रात्रीचा दवाखाना अंगीकृत नाही. पाच लाखांचं एक बिल या घराला दहा वर्षं मागे नेतं. पगारवाढीने ईएसआयसीची मर्यादा ओलांडली तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेरपर्यंत, संरक्षण राहतं. पॉलिसी त्या मुदतीत काढायची. सुटल्यावर सहा महिन्यांनी काढायची नाही.

‘कंपनीची आहे ना’ म्हणणारे. पस्तिशी-चाळिशीत, बीपी-शुगर लागण्याआधी, स्वतःची एक छोटी पॉलिसी सुरू करा. नोकरी सुटते त्या वयात आजार सुरू झालेले असतात आणि तेव्हा नवी पॉलिसी महाग पडते, कधी मिळतही नाही.

आजारी ज्येष्ठ. इथे घाईने हो किंवा नाही म्हणू नका. समजा आई ६६ वर्षांची आहे, मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजाराला विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने प्रतीक्षा लावू शकते. म्हणजे मधुमेहाशी जोडलेल्या उपचाराला पॉलिसी बहुधा तिच्या ६९ व्या वर्षी लागू होईल आणि ७० व्या वर्षी वय वंदना कार्ड मिळेलच. तोपर्यंत रेशनकार्डावरची योजना आहे. हप्ता सहज परवडत असेल तर अपघात, पडझड, नवा आजार यांसाठी घ्या. ओढून भरावा लागणार असेल तर तीच रक्कम तिच्या नावाने साठवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांनंतर पॉलिसी नाकारणारा सरसकट वयाचा अडसर गेला आहे, पण हप्ता वयाप्रमाणेच लागतो.

## पायरी ५: पॉलिसीचा आकार ठरवा

आईवडिलांना तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो. ३८ वर्षांच्या जोडप्यात ६६ ची आई घातली की सगळ्यांचा हप्ता तिच्या वयाच्या बाजूने सरकतो, आणि विमा रक्कमही सगळ्यांनी वाटून खायची. तिची पॉलिसी वेगळी ठेवा.

सुपर टॉप-अपचा सापळा. ही ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या बिलाचेच पैसे देणारी पॉलिसी. ‘योजनेचे पाच लाख आहेतच, मग पाच लाखांच्या वरचा स्वस्त सुपर टॉप-अप घेतला की झालं’ हा सल्ला ऐकायला बिनतोड वाटतो. पण योजना रोख देत नाही. समजा रात्री अंगीकृत नसलेल्या दवाखान्यात भरती झालात आणि बिल ४,२०,००० झालं. योजना तिथे लागू नाही, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप ५ लाखांनंतर सुरू होतो, म्हणून तोही शून्य. सगळे ४,२०,००० खिशातून. सुपर टॉप-अप घ्या, पण खाली तितकी रोख देणारी मूळ पॉलिसी असेल तरच, किंवा तेवढी रक्कम खरोखर बाजूला ठेवली असेल तर. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतही गफलत होते: साधा टॉप-अप प्रत्येक भरतीचं बिल सुटं मोजतो, सुपर टॉप-अप वर्षाची सगळी बिलं एकत्र धरतो. वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं आली तर ५ लाखांवरचा टॉप-अप काही देणार नाही, सुपर टॉप-अप ३ लाख देईल.

रूम रेंटची मर्यादा. सगळ्यात जास्त भांडणं डिस्चार्जच्या दिवशी यावरून होतात. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस. लोकांना वाटतं, फरक रोज ३,००० प्रमाणे १५,००० पडेल. प्रत्यक्षात ५,००० आणि ८,००० च्या प्रमाणात इतर खर्चही कापला जातो:

- खोली ४०,००० पैकी मंजूर २५,०००
- सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग १,२०,००० पैकी मंजूर ७५,०००
- औषधं आणि शरीरात बसवलेलं साहित्य ६०,०००; यावर ही प्रमाणातली कपात लागत नाही, पूर्ण मंजूर

बिल २,२०,०००, मिळाले १,६०,०००, खिशातून ६०,०००. म्हणून रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. परवडत नसेल तर मर्यादेतलीच खोली घ्यायची, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण खोली निवडायला काउंटरवर तुम्ही नसाल.

को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमचा ठरलेला वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो मोठा असू शकतो, आकडा लिहून घ्या. एकच साधी पॉलिसी ताडून बघायची असेल तर आरोग्य संजीवनी घ्या. सगळ्या कंपन्यांत तिच्या अटी सारख्या असतात. ५ टक्के को-पे, खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल ५,००० रुपये. दुसरी कोणतीही पॉलिसी तिच्याशेजारी ठेवली की जादा हप्त्यात नेमकं काय जादा मिळतंय ते दिसतं.

प्रतीक्षा कालावधी तीन आहेत. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, मुतखडा, गुडघा बदल अशा नावं दिलेल्या उपचारांना बहुधा २ वर्षं, जास्तीत जास्त ३. आधीच्या आजाराला कमाल ३ वर्षं. ‘ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, या महिन्यात पॉलिसी काढू’ असा फोन मला दर काही महिन्यांनी येतो. त्याचं उत्तर पायरी २ मध्ये आहे: योजनेला प्रतीक्षा कालावधी नाही.

कराबद्दल दोनच वाक्यं. हप्त्याची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवरून हिशोब करू नका.

## पायरी ६: फॉर्म स्वतः भरा

एजंटला भरू देऊ नका. तो चांगला माणूस असला तरीही. ‘कशाला लिहायचं, उगाच अडकेल’ हे तो तुमच्या भल्यासाठी म्हणत असेल, पण क्लेम नाकारला जातो तेव्हा सही तुमची असते.

वहीतली पानं समोर ठेवा आणि सगळं लिहा. जुनं सिझेरियन, गर्भाशय काढल्याचं ऑपरेशन, लहानपणीचं फिट येणं, थायरॉइडची गोळी, ‘बॉर्डरवर’ असलेली शुगर, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीचे चालू उपचार. तंबाखूच्या रकान्यात मिश्री लिहा. आपल्याकडे सकाळी मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही आणि घरचेही समजत नाहीत. विमा कंपनी समजते.

परगावी किंवा परदेशी राहून आईवडिलांची पॉलिसी ऑनलाइन काढणाऱ्या मुलांना विशेष विनंती: फोनवर ‘काही त्रास आहे का गं?’ विचारून फॉर्म भरू नका. आई ‘काही नाही’ असंच म्हणणार. गोळ्यांच्या डब्याचा फोटो मागवा.

> इशारा: केसपेपर नीट बघा. माझ्या आत्याला मधुमेह कळून दोन वर्षं झाली होती. भरतीच्या गडबडीत नातेवाईकाने डॉक्टरांना ‘असेल पाच-सात वर्षांपासून’ असं सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं. पॉलिसी चार वर्षांची होती. ‘पॉलिसीच्या आधीचा आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारला गेला. पहिल्या निदानाचा रिपोर्ट सापडला म्हणून प्रकरण मिटलं, पण त्यात पाच महिने गेले. निदानाचा पहिला रिपोर्ट जपून ठेवा, आणि आजाराचा इतिहास ज्याला नक्की ठाऊक आहे त्यानेच सांगावा.

सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद. ही सोय खरं लिहिणाऱ्याच्या अनवधानाने राहिलेल्या चुकीसाठी आहे. पाच वर्षं काढून नेऊ अशा हिशोबाने काही लपवू नका.

## पायरी ७: पॉलिसी आल्यावरचे ३० दिवस

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. हे दिवस वाया घालवू नका. नावं, जन्मतारखा, विमा रक्कम, रूम रेंट, को-पे, प्रतीक्षा कालावधी आणि सोबत जोडलेली फॉर्मची प्रत बघा. फॉर्मच्या प्रतीत तुम्ही सांगितलेले आजार उतरले आहेत का? नसतील तर लगेच ईमेल करून दुरुस्त करून घ्या. फोनवर सांगून भागत नाही.

मग पायरी २ मधल्या दोन्ही दवाखान्यांत जाऊन विमा काउंटरवर विचारा: या कंपनीचं कॅशलेस (बिल कंपनीने थेट दवाखान्याला देणं) सध्या चालू आहे का? नेटवर्कची यादी बदलत राहते.

तपासणी: नूतनीकरणाच्या तारखेआधी ६० दिवसांचा गजर मोबाइलमध्ये लावा. कंपनी बदलायची असेल तर अर्ज किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि पोर्ट केल्यावर आधी काढलेला प्रतीक्षा कालावधी मोजला जातो.

## पायरी ८: दवाखान्यात कोणतं कार्ड आधी काढायचं

दोन्ही असतील तर हा प्रश्न भरतीच्या टेबलावर येतो. उत्तर घरीच ठरवून ठेवा.

ठरवून करायचा, यादीत असलेला, मोठा किंवा लांबणारा उपचार, जसं अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, केमोथेरपी, अंगीकृत रुग्णालयात योजनेतून घ्या. कर्करोगाच्या उपचारात मेडिक्लेम पहिल्या काही महिन्यांतच संपतो आणि मग हातात काही उरत नाही. रात्रीचा अपघात, अंगीकृत नसलेला जवळचा दवाखाना, यादीबाहेरचा उपचार, इथे पॉलिसी काढा. योजनेतल्या उपचाराचं बिल रुग्णाकडून घ्यायचं नसतं. ‘वरचे थोडे द्या’ असं कोणी म्हणालं तर पावती मागा आणि आरोग्यमित्राला कळवा.

पॉलिसीतून जाणार असाल तर ठरवलेल्या भरतीच्या ४८ तास आधी आणि आणीबाणीत २४ तासांच्या आत कंपनीला कळवा. कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. विमा काउंटरवर शांतपणे हेच आकडे सांगा. ‘फाइल पाठवलीय’ यापलीकडे काम सरकतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात.

आता वहीतल्या पानांवरून एक कागद तयार करा: प्रत्येकाचं नाव, रात्रीचा दवाखाना, तिथे चालणारं कार्ड, पॉलिसी क्रमांक, १०८ आणि १५५३८८. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, आणि घरात एकटं कोण असतं ते आठवून त्या माणसाला तो एकदा वाचून दाखवा.